जोडीला कोण? कर्जत-खालापूरचे दोन दिवस

अमेरिका समजून घ्यायला कर्जतला निघाले, असं म्हटलं की घरचे हसतात. हसू देत. मी ठाण्यात कॉलेजात इतिहास शिकवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अमेरिका हा माझा आवडता भाग: धडाधड उभे राहिलेले कारखाने, बोटी भरभरून आलेली परदेशी माणसं, गिरण्यांत राबणारी मुलं आणि त्यांच्यासाठी गरीब वस्तीतच घर घेऊन राहिलेल्या शिकल्यासवरल्या बायका. हे शिकताना माझ्या बाकावर बसणारी सुषमा पुढे खरोखरच तशी राहायला गेली. कर्जतला, भिसेगावात. कातकरी वाड्यांतली मुलं शाळेत टिकावीत म्हणून ती वर्षानुवर्षं धडपडतेय. दिवाळीनंतर तिचा फोन आला, "ये गं, यंदा एक पोर वाचली बहुतेक." लगेच निघाले.

गाडी असेल तर पनवेलवरून जुना हायवे धरा. लोधिवलीला टपरीवर चहा घ्या, स्वस्त आणि कडक. मी थांबले तेव्हा कुठल्याशा कारखान्याची पाळी सुटली होती. बिहार, ओडिशा, बंगाल, कुठकुठली पोरं आपापल्या बोलीत घरी फोन करत होती. एकजण सारखं सांगत होता, "खा लिया माँ, खा लिया." त्याच्या हातात नुसता चहाचा कप होता. चौकला डावीकडे वळलं की कर्जतचा रस्ता छान आहे, फक्त उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या सांभाळा. माथेरानचा डोंगर बराच वेळ सोबत करतो.

सुषमाकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. मी दोनदा वाढून घेतलं. जेवताना तिनं वाडीवरच्या सोमीची गोष्ट सांगितली. भात कापलं की वाडीतली माणसं पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर जातात, आणि तिथे एकटं माणूस कामाला घेतच नाहीत. जोडी लागते, एकानं चिखल मळायचा, दुसऱ्यानं साच्यात भरून विटा पाडायच्या. बहुतेक नवरा-बायकोच. सोमीचा नवरा उन्हाळ्यात वारला. आता जोडीला उरली ती लेक, चंदा. वय अकरा, आश्रमशाळेत पाचवीला. सुषमानं खटपट करून सोमीला माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळवून दिलं होतं. म्हणजे आई डोंगरावर, लेक शाळेत. सुषमा इतकी खुशीत होती की तिसरी भाकरीही तिनं मला आग्रहानं वाढली.

सकाळी खालापूरच्या बाजूला वाडीवर गेलो. शेवटचा रस्ता खडबडीत आहे, गाडी खालीच ठेवा आणि चांगले बूट घाला. भात कापून झालं होतं. निम्मी घरं बंद, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. मधोमध टेंपो उभा. पातेली चढत होती, कोंबड्या चढत होत्या. आणि वर, बोचक्यांच्या मध्ये, शाळेचा स्वेटर घालून चंदा बसली होती.

"सोमी, हे काय गं?" सुषमा ओरडलीच. "तू माथेरानला होतीस ना?"

"गेलती ताई. दोन राती काढल्या." सोमी गोधडी बांधत होती. "रातच्याला दारावर थाप पडं. कडी धड नाय. सांगू कोनाला? भट्टीवर आमची मानसं हायेत. समदी बाजूबाजूला निजतो आमी."

"मग चंदाला तरी ठेव. मी बघते तिचं."

"आन् जोडीला कोन? तुमी येता?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

मला राहवेना. टेंपोपाशी उभ्या भट्टीच्या मुकादमाला विचारलं, "अहो, ही पोरगी केवढी आहे, बघितलंत का?"

त्याच्याआधी सोमीच म्हणाली, "चवदा."

अमेरिकेतल्या सूतगिरण्याही विधवांना मुलांसकट कामावर घेत, आणि कित्येक आया मुलांची वयं वाढवून सांगत. हे मी दरवर्षी वर्गात सांगते. पण ते असं गोधडीला गाठ मारता मारता, मान वर न करता सांगितलं जात असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

सुषमानं फोन काढला. बालमजुरीची तक्रार घेणाऱ्या साहेबांचा नंबर तिच्याकडे होता. "लावू?" तिनं मला विचारलं. मी काय सांगणार, कप्पाळ! लावला तर टेंपो थांबेल. मग सोमीनं जायचं कुठे, त्या धड कडी नसलेल्या खोलीत? फोन पर्समध्ये गेला. मला सुषमाचा राग आला, सोमीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

टेंपो सुरू झाला तशी चंदा वरून ओरडली, "बाई, जूनला येते मी! शाळेतनं माझं नाव काढू नका हां!"

"नाही काढत गं," सुषमा म्हणाली. मग ती तिथल्याच एका दगडावर बसून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

परतताना कर्जतला वडापाव घेतला. इथला वडापाव चुकवू नये असं सगळे सांगतात, मीही सांगते. आम्हाला मात्र तो गिळवला नाही.

डोंगर, धबधबे, रिसॉर्ट, सगळं आहे तिथे, खुशाल जा. वाडीवर मात्र फोटो काढायला म्हणून जाऊ नका. घरी आल्यावर मी तो भाग शिकवायला घेतला. मुलांना कामाला लावायला बंदी करणारे चांगले कडक कायदे तिथे यायला पुढे बरीच वर्षं लागली, हे मी नेहमी अर्ध्या वाक्यात उरकते. यंदा त्या अर्ध्या वाक्यापाशी अडकले. तेवढ्या वर्षांत किती चंदा मोठ्या होऊन गेल्या असतील!

परवा सुषमा भट्टीवर जाऊन आली. रात्री तिचा फोन आला. चंदा बरी आहे, बोटं सोललीत, पण बरी आहे.

"मुकादम काय म्हणाला माहितीये?" सुषमानं विचारलं. "म्हणाला, लई चलाख हात हाय पोरीचा. पुढच्या साली बी हीच जोडी पक्की."

"मग?"

"मग काय. कौतुक ऐकून सोमी हसली गं. चंदासुद्धा."