ती शांतता मला बरी वाटायची

आमचे हे गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. "पुण्यवान माणूस. झोपेत गेला, कुणाला त्रास दिला नाही." मी मान हलवायची. त्या वाक्याखाली मी काय दडवून बसले होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण देवापुढे सगळं बोलून झालंय, आता माणसांपुढे लपवून काय करायचं?

अंबरनाथला, पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर. इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात यांनी तीस वर्षं पाळ्या केल्या. माणूस मितभाषी, पण झोपला की घर दणाणून सोडायचा. शेजारच्या वहिनी विचारायच्या, "काल तुमच्याकडे ट्रॅक्टर आला होता का हो?" सुरुवातीला आम्ही दोघंही हसायचो. पुढे पुढे मला हसू येईना. हे निवृत्त झाले त्या वर्षी मी माझी गादी बाहेरच्या खोलीत टाकली.

"बाहेर कशाला झोपतेस? मी कुशीवर झोपतो की," हे म्हणाले.

"तुमची कूस दोन मिनिटांची," मी म्हटलं आणि मधलं दार लोटून घेतलं. पुढची सहा वर्षं आम्ही तसेच झोपलो.

दाराआडूनही ऐकू यायचंच. आवाज चढत चढत जायचा आणि एकदम तुटायचा. मग सगळं चिडीचूप. मला वाटायचं, थांबलं बाई एकदाचं. तेवढ्यात पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा एक मोठा आवाज व्हायचा आणि पुन्हा घोरणं सुरू. त्या मधल्या वेळात यांचा श्वास बंद पडलेला असायचा, हे मला तेव्हा कळलं नाही. उठून बघावं असंही कधी वाटलं नाही. ती शांतता मला बरी वाटायची, एवढंच खरं.

दिवसा पेपर वाचता वाचता यांची मान पडायची. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे. "वय झालं," मी म्हणायची. "झालं असेल," ते म्हणायचे. नोकरीत असताना पहिल्या पाळीसाठी मी त्यांना रोज पहाटे पाचला हलवून उठवायची. निवृत्तीनंतर म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला, जन्मभर उठलाय.

त्या पहाटे मला जाग आली तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. मी वाट पाहिली. तरी काही नाही. मग मी मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, "महादेवा, आज तरी शांत झोप दिलीस रे." आणि कूस बदलून पुन्हा झोपले. सातला चहा ठेवून हाक मारली. दुसरी हाक मारली. मग आत गेले. हात गार होता.

ज्या शांततेबद्दल मी देवाचे आभार मानले, ती कसली होती हे तेव्हा मला कळलं. त्यानंतर माझ्या तोंडून त्याचं नाव निघेना.

इथल्या जुन्या शिवमंदिरात आम्ही दोघं दर सोमवारी जायचो. ते पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचे आणि माझे गुडघे दुखतात म्हणून वर येताना माझा हात धरायचे. ते गेल्यावर वर्षभर मी त्या बाजूला फिरकले नाही. वर्षश्राद्ध झालं आणि चार दिवसांनी, एका दुपारी, मी उठून चालत निघाले. दर्शन घ्यायचं नव्हतं. मी यापुढे येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. न सांगता येणं बंद करावं, इतकं आमचं नातं परकं नव्हतं.

देवळात गर्दी नव्हती. पायऱ्यांपाशी गेले, पण उतरवेना. बाहेर येऊन झाडाच्या सावलीत बसले. थोड्या अंतरावर कट्ट्याला टेकून एक म्हातारी बाई झोपली होती. अंगानं स्थूल, पांढरी सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी. ती घोरत होती. तो आवाज कानावर पडला आणि मी वळून बघितलं. अगदी तसाच चढत जाणारा. आणि तो तुटला.

मी उठून जाणार होते. खरं सांगते, पिशवी हातात घेतलीसुद्धा होती. पण ती शांतता लांबत गेली. बाईची छाती हलत होती, पण श्वासाचा आवाज येत नव्हता. ओठ निळसर दिसायला लागले. मी धावत गेले, तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले आणि ओरडले, "उठा! अहो, उठा ना!"

तिनं मोठा श्वास ओढला आणि डोळे उघडले. मी रडत होते. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रो मत बेटी. मेरे को बीमारी आहे ती. रात को मशीन लावते मी नाकाला. कल लाइट गेली होती ना आमच्या कॅम्प चारच्या वस्तीत, तर झोपच नाही झाली."

"कसली बीमारी?"

"नींद में गला बंद होतो. सांस रुक जाती है. पहले आम्ही पण हसायचो. मेरा बेटा बोलायचा, अम्माचा इंजन चालू झाला."

त्या अनोळखी बाईपुढे मी सगळं बोलले. लोटलेलं दार, सहा वर्षं, ती पहाट. मुलीलासुद्धा जे सांगितलं नव्हतं ते सगळं. तिनं मध्ये एकदाही "जाऊ दे" म्हटलं नाही, "तुझी चूक नाही" असंही म्हटलं नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "बेटी, घर में और कोई घोरतं का?"

माझी मुलगी सुजाता. तोच आखूड गळा, तीच रुंद हनुवटी, आणि बापासारखंच घोरणं. लग्नाआधी मी तिला त्यावरून रागवायची, सासरी काय म्हणतील म्हणून.

"तर मग इथं काय करते? जा," म्हातारी म्हणाली. "नाक-कान-घसा के डॉक्टर को दिखा."

तिची सून रिक्षा घेऊन आली आणि ती गेली. मी नावही विचारलं नाही. देवाला जे सांगायला आले होते ते तसंच राहिलं. मी थेट बदलापूरला मुलीकडे गेले.

सुजाता शाळेत शिकवते. ती ऐकेचना. "काहीतरीच काय आई! बायकांना असलं काही नसतं. थकते गं मी, बस." तिचा नवरा मात्र मान खाली घालून म्हणाला, "आई, परवा ती स्कूटरवर सिग्नलला उभी असताना पेंगली होती. मागच्यानं हॉर्न वाजवला म्हणून बरं." मग मी सुजाताला समोर बसवलं आणि तिच्या बाबांची ती पहाट सांगितली. ती मला काय म्हणेल याचीच मला वर्षभर भीती होती. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर बसून तिचं रडणं ऐकत राहिले. तासाभरानं ती बाहेर आली आणि म्हणाली, "कुठल्या डॉक्टरकडे जायचं?"

तपासणीसाठी तिला एक रात्र दवाखान्यात झोपवलं. डोक्याला, छातीला, नाकाशी वायरी लावलेल्या. सकाळी तिथल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर रेघा दाखवल्या. झोप एकसारखी नसते, त्या म्हणाल्या. हलकी असते, गाढ असते, आणि एक स्वप्नांची असते. "गाढ झोपेत यांचा श्वास बराच नीट आहे. पण स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात, घशाचेसुद्धा. तेव्हा बघा." तिथे रेघ सपाट होत होती. पुन्हा पुन्हा, आणि किती वेळ! "ही झोप पहाटेकडे जास्त असते. म्हणून सुरुवातीची रात्र बरी जाते, घरच्यांना कळत नाही."

"पहाटे?" मी विचारलं.

"हो. साधारण चार-पाचनंतर."

म्हणजे मी त्यांना ज्या वेळेला उठवायची, तीच वेळ. नंतर डॉक्टरांना विचारलं, "त्या दिवशी मी उठवलं असतं, तर वाचले असते का?" त्यांनी खोटा धीर दिला नाही. "आज सांगता येणार नाही, आई. हृदयाचंही काही असू शकतं. कदाचित हो, कदाचित नाही."

हे 'कदाचित' मला जन्मभर पुरणार आहे. मी ते टाकून देऊ शकत नाही, कुणी घेऊही शकत नाही. एक मात्र मनात राहून गेलं. त्या वेळी हे बहुतेक स्वप्नात असतील. कसलं स्वप्न, कुणाचं, त्यात मी होते की नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही.

सुजातालाही तसंच, झोपेत नाकातून हवा देत राहणारं मशीन लागलं. पहिले आठ दिवस तिनं मास्क ओढून फेकला, चिडली, रडली. हळूहळू सवय झाली. महिन्याभरानं एका सकाळी ती म्हणाली, "आई, आज डोकं दुखत नाही गं." मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. हेच वाक्य यांच्याही तोंडून ऐकता आलं असतं.

त्यानंतर मी तीन-चारदा देवळात त्याच वेळी जाऊन बसले. ती म्हातारी दिसली नाही. शेजारच्या शहरातला तो कॅम्प चार केवढा मोठा, नाव ना पत्ता, शोधणार कुठे? तिला देवानं पाठवलं का, असं सुजाता मला विचारते. मला माहीत नाही. आदल्या दिवशी तिच्याकडची वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी मी देवाशी भांडायला गेले, एवढंच मला माहीत आहे. शेवटच्या खेपेला मी पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले, त्याच्यापुढे सगळं बोलले. गुडघे दुखले, हात धरायला कुणी नव्हतं. भिंतीला धरून वर आले.

पण मन निवलं नाही. मुलीकडे राहायला गेले की मी तिच्या शेजारी जागी राहून कान लावायची. मशीन चालू असलं तरी, दुपारी ती जरा आडवी झाली तरी. एकदा डोळा लागला आणि मागं झालं तसं झालं तर? मी झोपेलाच वैरीण मानलं होतं. जागी राहिले तर श्वास माझ्या ताब्यात राहील, असं काहीतरी.

मागच्या रविवारी दुपारी सुजाता मास्क लावून झोपली होती. मी नेहमीसारखी बसले होते, पाठ मोडून आली होती. तिचा हात माझ्या मांडीवर पडला, लहानपणी पडायचा तसा. तिच्या श्वासाकडे बघता बघता मनात आलं, माझा स्वतःचा श्वास तरी मी कुठे चालवते? रोज झोपताना सगळेच तो कुणाच्या तरी हवाली करतात आणि सकाळी परत मिळाला की आपलाच समजतात. यांचा परत मिळाला नाही. त्याचा हिशोब मला कळत नाही, कळणारही नाही. पण माझ्या हातात होतं तेवढं ह्या वेळी मी केलं होतं.

मी तिच्या शेजारी आडवी झाले. "महादेवा," मी म्हटलं, "मी थकले रे. आता तू ऐक."

उठले तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती, आणि सुजाता आत चहा करत होती.