एकशे नव्वद, एकशे दहा

अडतिसाव्या वर्षी मी मस्कतच्या एका कॉलेजात मेडिकल असिस्टंटच्या असोसिएट डिग्रीला नाव घातलं. नवरा लांब दुक्म बंदरात प्रोजेक्टवर, महिन्यातून दोनदा घरी. वर्गातल्या पोरी मला आंटी म्हणत, त्याचं काही वाटलं नाही. शेवटच्या सहामाहीत अझैबामधल्या एका क्लिनिकमध्ये प्रॅक्टिकलला पाठवलं, आणि तिथला राग अजून उतरलेला नाही.

त्या दिवशी एका कंत्राटदाराची तीसेक माणसं बसने कामासाठीच्या मेडिकल तपासणीला आली होती. बीपी घ्यायला मी आणि क्लिनिकमधली सिनियर नर्स. कॉलेजात शिकवलं होतं, माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या पातळीला. ही बाई पट्टा बांधायच्या आधीच फॉर्मवर 'एकशे वीस, ऐंशी' लिहून मोकळी होत होती. मी पाहिलं आणि गप्प राहिले. तेही सांगायला हवं.

मग माझ्यासमोर एक चाळिशीतला माणूस आला. "ताई, तुमी आपल्याकडच्या काय? मी राजापूरचा."

बीपी आलं एकशे नव्वद, एकशे दहा. दुसऱ्या हातावर घेतलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"डोकं दुखतं का?"

"रोजच दुखतं ओ. उन्हानं."

सिनियर येऊन डोक्यावर उभी राहिली. "नॉर्मल लिख दो. बाहर बस खड़ी है. यल्ला, जल्दी!"

"नॉर्मल नहीं है."

"स्टुडंट हो, स्टुडंट रहो," म्हणत तिने फॉर्म ओढला. मी त्यावर हात दाबून धरला. तेवढ्यात तो माणूसच बोलला, "ताई, लिवा ना त्या म्हणतात तसं. मला गावी परत पाठवतील."

"आणि तिथे उन्हात कोसळलात तर?" मी ओरडलेच त्याच्यावर. त्याने मान खाली घातली. ओरडायचं होतं कोणावर, ओरडले कोणावर!

खरा आकडा लिहून मी फॉर्म थेट डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी स्वतः तपासलं, गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी बोलावलं. तोवर काम बंद. बाकीचे फॉर्म त्यांनी न बघताच सही करून टाकले. बसमध्ये चढताना त्या माणसाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"तुला काय पडलंय? इकडे सगळ्यांचं मेडिकल असंच होतं."

"तुझंही?"

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

दोन आठवड्यांनी रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, तो माणूस येऊन गेला, बीपी उतरलं होतं, कामावर घेतलं त्याला. ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

माझ्या प्रॅक्टिकलच्या शेऱ्यात मात्र सिनियरने लिहिलं, 'सूचना पाळत नाही.' कॉलेजने सगळं प्रॅक्टिकल दुसऱ्या क्लिनिकमध्ये पुन्हा करायला लावलं. कॉलेजातल्या आमच्या ओमानी मॅडम म्हणाल्या, "तू बरोबरच केलंस."

"मग तसं लिहून द्या ना, मॅडम."

"इन्शाल्ला," त्या म्हणाल्या. लिहून काही दिलं नाही.

डिग्री सहा महिने उशिरा मिळाली. समारंभाला मी गेले नाही. नवरा म्हणाला, "अगं, एक फोटो तरी काढायचास."

"कशाचा?" मी विचारलं.