काचेवरची जाळी

जगातली कुठलीही वस्तू टिकत नाही, यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतका गाढ विश्वास असलेला माणूस अख्ख्या आचरा गावात सापडणार नाही. आम्ही त्यांना काका म्हणतो. वायरमन म्हणून त्यांचा जन्म विजेच्या खांबांवर गेला. वादळात कोसळलेले खांब बघून बघून असेल, पण उभी असलेली कुठलीही गोष्ट आता कधी आडवी होते, याच नजरेने ते तिच्याकडे बघतात. मी नवी स्कूटर दाखवायला नेली, तर तिच्याभोवती फेरी मारून त्यांनी चाकं दाबली, आरसा हलवला आणि बराच विचार करून म्हणाले, "हॉर्न बरो आसा." वाडीत कुणाकडे नवा फ्रिज यायचा असला, की टेम्पो त्यांच्या दारावरून न आणता देवळाकडून फिरवून आणतात. पण तीच वस्तू बिघडली, की काळ्या टेपचं रीळ खिशात घालून सगळ्यांत आधी हेच हजर. टेपवर मात्र त्यांची श्रद्धा. चष्म्याची काडी, छत्रीचा दांडा, मावशीच्या विळीचा पाट, सगळ्यांवर ती गुंडाळलेली. मावशी म्हणायची, माझा हात मोडला तर हे मला दवाखान्यात नेणार नाहीत, टेपच लावतील.

त्यांच्या घराच्या जुन्या खिडक्यांना चौकोनी घरांची लाकडी जाळी होती. "ह्यो टिकाच्यो नाय," असं काका त्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं म्हणत आले होते. ठाण्याला असलेल्या मुलाने ते एकदाचं मनावर घेतलं. मे महिन्यात तो आला, वाळवी लागलेल्या खिडक्या काढल्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवून गेला. जुनं लाकूड न्हाणीच्या चुलीत गेलं. मावशीला तेव्हा नुकतं विसरायला होऊ लागलं होतं. पावसाळा सरता सरता ते इतकं वाढलं, की दिवेलागणीला ती पदर नीट करून, पिशवी घेऊन दाराशी उभी राही आणि म्हणे, "माका घराक व्हरा. काळोख पडतलो." काका सांगत, हेच आपलं घर. ती सगळीकडे बघे आणि मान हलवे. कधी रडे. एकदोनदा रस्त्यापर्यंत गेली, तेव्हा शेजाऱ्यांनी हाताला धरून परत आणली. कुडाळच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हा आजार आहे, खिडक्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. मुलानेही फोनवर तेच सांगितलं. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं. पण आपणच बोलून बोलून तिचं घर मोडलं, हे त्यांच्या डोक्यातून कोणाला काढता आलं नाही.

मग त्यांनी काचांवर लाकडी जाळी बसवायचं ठरवलं. सुताराने विचारलं, काच असताना जाळी कशाला, नुसती शोभेला?

"शोभेक नको," काका म्हणाले. "वळखीक होयी."

सुताराला यातलं काही कळलं नाही. शिमगा झाल्यावर बघू, म्हणाला. शिमग्यापर्यंत थांबायची काकांची तयारी नव्हती. त्यांनी फणसाच्या पट्ट्या तेवढ्या कापून आणल्या आणि स्वतःच कामाला बसले. सुतारकाम त्यांना येत नव्हतंच. पहिली जाळी एका अंगाला इतकी कलली, की तिच्यामुळे अख्खं घर खचल्यासारखं दिसू लागलं. दुसरी मापात झाली, ती त्यांनी काळ्या टेपने काचेला चिकटवली. दुपारच्या उन्हात टेप सुटली आणि जाळी खाली झोपलेल्या मांजरावर पडली. ते मांजर शेजाऱ्यांकडे गेलं, ते कायमचंच. एका रविवारी मी गेलो, तर काका ओट्यावर पट्ट्या मांडून बसले होते आणि दोन्ही अंगठ्यांना टेप लावलेली होती. जुन्या जाळीची घरं किती बोटं रुंद होती, यावर आमचा वाद झाला. शेवटी आतल्या बाजूने भिंतीला लाकडी चौकटी ठोकून त्यांत जाळ्या अडकवल्या, म्हणजे काचा पुसायला त्या काढता येतील. पूर्वीसारखा हिरवा ऑइलपेंट दिला. तो जरा जास्तच हिरवा झाला. तरी शेवटची जाळी बसली, तेव्हा काका खोलीच्या मधोमध उभे राहून बराच वेळ बघत राहिले, आणि कशाच्या टिकण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मी तिथेच होतो. मावशी नेहमीसारखी पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. काकांनी तिला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. तिने जाळीच्या एका घरात बोट घातलं, मग शेजारच्या घरात. काका तिच्या तोंडाकडे बघत होते.

"घर बरा आसा," ती म्हणाली. "कोणाचा?"

काकांचा चेहरा उतरला. तुझंच, हे रोजचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलं असणार. पण त्यांनी ते गिळलं. "माझा," ते म्हणाले.

तिने बाहेर बघितलं. माडांमागचा उजेड कमी होत चालला होता. "माझा घर लांब आसा. आजचो दिस हंय रवाक देशात?"

मला कळू लागल्यापासून काकांनी तिला अगो-तुगोशिवाय हाक मारलेली मी ऐकली नव्हती. परक्या बाईशी बोलावं तशी मान जराशी खाली घालून ते म्हणाले, "रवा. होये तितके दिस रवा."

मावशीने पिशवी भिंतीशी ठेवली. त्यानंतर ती रस्त्यावर गेली नाही. रोज दिवे लागले की ती राहायची परवानगी मागते, काका ती देतात, आणि पाहुणी ताटकळू नये म्हणून तिचं पान आधी वाढतात.

परवा गेलो होतो. काका आत स्वयंपाकघरात होते. मावशीने मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "मनीस बरो आसा रे. एकटोच रवता. तेका कोण नाय?"

मी म्हटलं, बायको आहे.

"मगे खंय गेली ती?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"येतली," मी म्हटलं.

मावशीचं समाधान झालेलं दिसलं. मग आत काकांनी वाटीत पेज ओतल्याचं ऐकू आलं.