चीफच्या वहीतला स्टँडबाय

आमच्या ग्रुपने सिंगापूरच्या तलावातून मासे किती काढले, हे विचारू नका. किस्से विचारा. ते इतके साचलेत की फराळाला कुणाकडे गेलं, की लोक चकली हातात घेण्याआधी विचारतात, "चीफचं काय नवीन?" मग मला सांगावंच लागतं. न सांगण्याइतकी मी सज्जन नाही.

ग्रुप तीन माणसांचा. चीफ म्हणजे सावंत, वेंगुर्ल्याचे. उभं आयुष्य जहाजांवर चीफ इंजिनीयर, मग तांजोंग पगारला एका शिपिंग ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करायचे. दुसरे मेश्राम, नागपूरचे, संशोधक, कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय न मानणारे. तिसरी मी. पुण्याची, राहते बिशानला, नोकरी चांगी बिझनेस पार्कात सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याची, आणि शाकाहारी.

सुरुवात चीफनी केली. त्यांनी न्यूझीलंडच्या नदीत ट्राउट पकडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला आणि ते बिघडले. लांब लवचीक काठी, दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी, ती दोरी हवेत पुढेमागे फिरवून माशी पाण्यावर अलगद टेकवायची. ट्राउटला थंडगार पाणी लागतं, आपल्या उकाड्यात तो दोन दिवस जगणार नाही. पण इथे पीकॉक बास आहे, सोनेरी अंगाचा, शेपटीवर मोरपिसाचा डोळा. तोही खोट्या माशीवर तुटून पडतो. शिवाय इथल्या तलावांवर खरं आमिष लावायला बंदी.

"म्हणजे गांडुळाला हात लावायचा नाही?" मी विचारलं.

"नाही."

"आणि पकडलेला मासा?"

"सोडायचा," मेश्राम म्हणाले. "ग्रुपचा नियम."

"मग मी येते."

*

पहिले दोन महिने सराव आमच्या ब्लॉकखालच्या गवतावर. दोरीच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधायचा आणि फेकायचा, म्हणजे कास्ट करायचा. संध्याकाळी ऑफिसमधून चीफ थेट तिथे, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात आयडी कार्ड तसंच. गोंडा कधी गवतावर पडे, कधी कानावर.

समोरच्या ब्लॉकमधली एक चिनी आजी रोज बाकावर बसून हे बघायची. नवव्या दिवशी उठली, चीफच्या जवळ आली आणि अगदी मायेने, इथल्या लकबीत म्हणाली, "अंकल, हिअर नो वॉटर, लाह."

चीफनी तिला थँक यू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला तलावाला जाणाऱ्या बसचा नंबर कागदावर लिहून घेऊन आली.

*

तलावावरचा पहिला शनिवार. सकाळी सात. मासेमारीला परवानगी असलेली जागा, वर मोठं झाड. चीफनी बॅगेतून आधी काय काढलं असेल? काठी नाही. निळी वही. इंजिन रूममध्ये प्रत्येक हुकूम मिनिटाबरोबर वहीत लिहायची त्यांना पस्तीस वर्षांची सवय. ती वही मी आजही कुणाकुणाला वाचून दाखवते.

"०७१०, पहिला कास्ट. ०७११, झाड. ०७२५, झाडातून सुटका. ०७२६, झाड."

दहा वाजता आम्ही सामान आवरलं तेव्हा त्यांनी शेवटी लिहिलं, "स्टँडबाय".

"आवरलं ना आपण? मग संपलं म्हणून लिहा की," मी म्हटलं.

"वहिनी, जहाज धक्क्याला लागून प्रवास संपला, की वरून हुकूम येतो, फिनिश्ड विथ इंजिन्स. तो आल्याशिवाय लिहायचा नसतो. तोपर्यंत स्टँडबाय. म्हणजे तयारीत राहायचं."

"मग इथे हुकूम कधी येणार?"

"मासा मिळाला की," चीफ म्हणाले.

*

दसऱ्याला चीफच्या घरी हत्यारांची पूजा असते. जहाजावर असताना ते पान्यांची पूजा करत, आता घरी करतात. सावंत वहिनींनी पाटावर पाने-पकडी, लॅपटॉप आणि आमच्या तिघांच्या काठ्या मांडल्या होत्या. शेजारी मेश्रामांची माश्यांची डबी. ते मोरपीस, दोरा आणि चिमटा घेऊन रात्ररात्र एकेक माशी बांधतात. मी हळदकुंकू वाहत सुटले ते डबी उघडून प्रत्येक माशीला बोट लावूनच थांबले.

"ताई," मेश्राम हळूच म्हणाले, "त्या पांढऱ्या होत्या."

पुढच्या शनिवारी मी त्यातलीच एक लाल माशी बांधली. तिसऱ्या कास्टला पाणी फुटलं. काठी वाकली, दोरी बोटांतून सरसरत गेली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात आधी कधी काढलेला नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. मासा वीतभर होता. तळहातावर घेतला तेव्हा ऊन पडलं आणि तो नव्या पितळेसारखा चमकला. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मेश्रामांनी त्याच्या तोंडातला गळ काढला, मी हात पाण्यात धरले आणि तो गेला. मग मी बाकावर बसून ज्यांचा म्हणून नंबर होता त्या सगळ्यांना फोन केला. लेक म्हणाली, "आई, सो स्मॉल, लाह." पुण्याला आईला उठवलं. घरात अंडंसुद्धा न येऊ दिलेली माझी आई. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हात धुतलेस का?" एवढंच विचारलं.

त्यानंतर चीफ म्हणायला लागले, सगळ्याच माश्यांना कुंकू लावा. मेश्राम ऐकेनात. "एकीला लावू, एकीला नाही. नाहीतर कळणार कसं?" दोन महिने प्रयोग चालला. दोन्ही माश्यांना एकही मासा लागला नाही. मेश्रामांनी निष्कर्ष सांगितला, "मासे तटस्थ आहेत."

*

आता गंमत अशी, की माझा पहिला मासा झाला. मेश्रामांचे चार झाले. आणि कोकणातला माणूस कोरडा.

त्यात दर शनिवारी आठला चीफच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेपाच, पण म्हातारा चारपासून जागा. वय चौऱ्याऐंशी. जन्मभर खाडीत जाळं फेकलेलं. स्क्रीनवर आधी त्यांचं कपाळ येई, मग प्रश्न.

"गावलो काय रे?"

"नाय, बाबा."

"बरा," असं म्हणून फोन बंद.

त्या 'बरा'ने चीफचा चेहरा उतरायचा. एकदा मी विचारलं, लहानपणी वडिलांबरोबर कधी पकडला नाहीत का? तर म्हणाले, "जाळ्याला हात लावू दिला नाही त्यांनी. तू पुस्तक धर म्हणाले. मी पुस्तक धरलं. मग पस्तीस वर्षं समुद्रावर, पण इंजिन रूमला खिडकी नसते, वहिनी. मासा धरलाच नाही मी कधी."

मी थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

*

एका शनिवारी मात्र चीफ तलावावर आले ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत वेट मार्केटमधला, म्हणजे इथल्या मंडईतला, मोठा लालसर मासा. ठीक आठला फोन वाजला. चीफनी तलावाकडे पाठ केली, मासा दोन्ही हातांत धरला आणि हसले. मेश्राम दुसरीकडे बघायला लागले.

म्हाताऱ्याने फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"डोळो बघ तेचो," म्हणाले. "दोन दिसांचो आसा. आणि तो समुद्रातलो."

वहीत त्या दिवशी एवढंच आहे, "०८०२, इन्स्पेक्शन फेल". मासा मात्र वाया गेला नाही. सावंत वहिनींनी त्याचं तिखलं केलं आणि मेश्राम दोनदा जेवले.

*

यंदा चीफ रिटायर झाले. कायमचे वेंगुर्ल्याला चालले. सामान बोटीने पुढे गेलं, घराची चावी परत करायची राहिली होती. "ही काठी तुम्हीच ठेवा, वहिनी," त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. "तिकडे घेऊन गेलो तर बाबा दाराला अडसर लावतील तिचा." काठी उत्तम होती. मी घरी दारामागची छत्री हलवून जागासुद्धा करून ठेवली होती.

शेवटचा शनिवार. मंगळवारी विमान. चीफ सातपासून पाण्याकडे बघत होते, वहीत काही लिहीत नव्हते. आम्ही दोघांनी आमच्या काठ्या उघडल्याच नाहीत. साडेसात झाले. पावणेआठ झाले. झाडसुद्धा लागलं नाही, इतके ते सुंदर कास्ट करत होते.

आठला फोन वाजला. चीफचे हात मोकळे नव्हते म्हणून मी तो घेतला आणि त्यांच्याकडे वळवून धरला. कपाळ आलं.

"गावलो काय रे?"

चीफ "नाय" म्हणायला वळले आणि काठी पुढे ओढली गेली.

पुढची सात-आठ मिनिटं चीफ आमच्यात नव्हतेच, ते इंजिन रूममध्ये होते. स्वतःच स्वतःला हुकूम देत होते. "स्लो अस्टर्न," म्हणून दोन पावलं मागे. "स्टॉप," म्हणून थांबले. "डेड स्लो अहेड," म्हणून अर्धं पाऊल पुढे. मासा उसळला तेव्हा "फुल अस्टर्न" म्हणत ते माझ्या पायावर चढले. मी फोन हलू दिला नाही. स्क्रीनवर आता म्हाताऱ्याचं कपाळ नव्हतं, पूर्ण चेहरा होता आणि तोंड उघडं होतं.

मेश्रामांनी जाळी पाण्यात घातली. हातभर पीकॉक बास. चीफनी हात ओले केले, मासा उचलला आणि फोनसमोर धरला.

"बाबा, डोळो बघा तेचो."

म्हाताऱ्याने बघितलं. "जितो आसा," म्हणाले.

मग चीफ गुडघ्यावर बसले. मासा पाण्यात धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि हात उघडले.

"सोडलंस?"

"होय, बाबा."

फोनवर कोंबडा आरवला. जन्मात कधी जाळ्यातलं काही पाण्यात परत न टाकलेला माणूस. मला वाटलं, आता शिव्या येणार. मेश्रामसुद्धा दोन पावलं लांब सरकले.

"ती काठी थंय कोणाक देव नको," म्हातारा म्हणाला. "घेवन ये. माका शिकूचा आसा."

फोन बंद झाला.

मी काठीचे चार भाग वेगळे केले, पुसले, कापडी पिशवीत घातले आणि चीफच्या बॅगेला बांधले. ते बाकावर बसून निळ्या वहीत लिहीत होते. मेश्रामांनी आणि मी दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं.

"०८०९, मासा. ०८११, मासा सोडला. ०८१४, स्टँडबाय."