मधल्या विमानतळावर

सकाळी दूध उतू जाता जाता दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी होत्या. परदेशातली त्यांची लेक शेवटच्या घटका मोजत होती.

"थेट विमान शनिवारी आहे. डॉक्टर म्हणतात, तोवर ती राहायची नाही. आजच्यानं गेलं तर मध्ये विमान बदलावं लागतं."

"पण मावशी, मागच्या वेळी..." मी त्यांच्या कानाशी म्हटलं. मागच्या वेळी गेट बदलल्याची घोषणा त्यांना ऐकू आली नव्हती, विमान निघून गेलं होतं.

"कान गेलेत गं, पाय नाही. आजच्या विमानानंही तिची गाठ पडेलच असं नाही." त्यांनी पोलक्याला आतून शिवलेला खिसा दाखवला. "फोन इथं ठेवीन. तिथलं दुसरं विमान सुटायच्या तासभर आधी रिंग दे. थरथरला की उठून कुणाला तरी गेट विचारीन."