रोवणीचा सीन

"डायरेक्शन कॅमेरामन करतील. तू त्यांना मदत कर," निर्माते मुंबईहून फोनवर म्हणाले.

"सर, या सीनची सगळी तयारी माझी आहे."

"म्हणूनच तर मदत कर म्हणतोय."

आमचे दिग्दर्शक लोकेशन बघायला भामरागडला गेले होते. पुलावरून पाणी गेलं आणि ते तिकडेच अडकले. युनिट अहेरीजवळच्या एका गावात होतं. मी चीफ असिस्टंट. म्हणजे सेटवर कोणी, केव्हा, कुठे उभं राहायचं ते बघणारी. अकरा वर्षं हेच करत होते.

सीन रोवणीचा होता, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावण्याचा. नायिका बायकांच्या रांगेत रोवता रोवता भावाला ठणकावते, जमीन विकणार नाही. बांधी, म्हणजे इथलं भातखाचर, खरी; रोवणाऱ्या बायकाही खऱ्या. गावात एवढी एकच बांधी रोवायची उरली होती. ती संपली की रीटेक नाही.

कॅमेरामन भला माणूस, पण स्क्रिप्ट वाचलेली नव्हती. मी त्यांच्या कानात सांगायचे, "रांग तिरकी हवी." ते माइकवर ओरडायचे, "रांग तिरकी हवी!" तोवर बायका चार हात सरकलेल्या. अर्धी बांधी अशीच हिरवी झाली.

मग त्यांनी मला न विचारता कॅमेरा रांगेच्या पाठीमागे लावला. रोवणी उलटं सरकत करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वाकलेल्या बारा बायका पाठमोऱ्या त्यांच्यावर चाल करून आल्या. कॅमेरा वाचला. साहेब कमरेपर्यंत चिखलात बसले.

टोळीची म्होरकी शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो भाऊ, सारं हे बाईच सांगून राह्यली, मंग तुमी मधात काऊन? बाई, तुमी आमालेच सांगा ना! रोवणा काई थांबत नाई."

मी माइक घेतला. पहिलं "ॲक्शन" जरा चिरकं निघालं. पण बायका वाकल्या, नायिका बोलली, आणि रोपांच्या शेवटच्या दोन ओळी रोवायच्या उरल्या असताना सीन झाला.

तेवढ्यात निर्मात्यांचा फोन. "झालं? कॅमेरामनला शाबासकी दे."

मी फोन स्पीकरवर टाकून कॅमेरामनपुढे धरला. ते चिखल पुसत म्हणाले, "सर, डायरेक्शन मॅडमनी केलं. मी फक्त पडलो."

पूल मोकळा होईपर्यंतचे तीन दिवस मीच डायरेक्ट केले. पुढच्या सिनेमाला निर्मात्यांनी मला दिग्दर्शक म्हणून घेतलं. फार विचार करून घेतलं, असं ते सगळ्यांना सांगतात.

सेटवर सूचना ज्याच्या तोंडून निघते, काम त्याच्या नावावर जातं. म्हणून माझ्या असिस्टंट मुलींना मी पहिल्याच दिवशी माइक देते.