बसवायला मंजुरी, उघडायला नाही

माझ्या वडिलांचा पुतळा सोलापुरातल्या एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात जवळजवळ वर्षभर चादर पांघरून होता. छातीपर्यंतचा पुतळा, दगडी चौथऱ्यावर बसवलेला. इमारत कुठली ते सांगत नाही, उगाच कोणाला तरी झोंबेल. वरच्या मजल्यावर जिल्हाभरातून निवडून आलेले सभासद बसायचे आणि हात वर करून ठराव पास करायचे, एवढं कळलं तरी पुरे. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा महापालिकेच्या शाळेत शिकवत होते. मुलं मला टरकून असत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

वडीलही शाळामास्तर. अक्कलकोटकडच्या एका गावात बदली झाली असताना त्यांनी आमच्या वस्तीतल्या बायामाणसांना बरोबर घेतलं आणि भर दुपारी गावच्या विहिरीवर जाऊन पाणी काढलं. मार खाल्ला, नोकरी गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी विहीर सगळ्यांना खुली झाली. मग आयुष्यभर त्यांनी तेच केलं. कुठे पाणवठा, कुठे देऊळ, कुठे हॉटेलात आमच्यासाठी बाजूला ठेवलेल्या फुटक्या कपबश्या. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पुतळा करवून घेतला, सभेकडे अर्ज केला आणि सभेनं मंजुरी दिली. पुतळा आला, बसला. अनावरणाचा दिवस ठरला. आईनं ठेवणीतलं पांढरं लुगडं इस्त्रीला दिलं.

आदल्या दिवशी सभेत एक वकील सभासद उठले. ठराव हातात धरून म्हणाले, "यात 'बसविण्यास मंजुरी' असं लिहिलंय. अनावरणाचा उल्लेख नाही. आपण बसवायला मंजुरी दिलीय, उघडायला नाही." कोणी हसलं, कोणी बाक वाजवला. अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. मी गॅलरीत बसले होते. त्या माणसाला आमच्या चौथीच्या वर्गात उभं करून 'पुतळा बसवणे' या शब्दांचा अर्थ विचारावा असं मला फार वाटलं.

पुढच्या सभेला कोरम भरला नाही. त्याच्या पुढच्या सभेत दुष्काळी कामांवरून आरडाओरडा झाला आणि सभा तहकूब. मग कोणा सभासदाचं निधन, दुखवटा, तहकूब. मी शाळेतून अर्धी रजा काढायची, आईला रिक्षात घालायची, गॅलरीत जाऊन बसायची. वर पंखा नुसता कुरकुरायचा. माझा एक पाय सारखा हलत असायचा, आई त्यावर हात ठेवायची, आणि मी दुसरा हलवायला लागायची. आई मात्र खाली नजर लावून बसे. नवऱ्याचं तोंड पुन्हा एकदा बघायचं आणि लोकांनी ते बघितलेलं बघायचं, एवढंच तिला हवं होतं. आमच्या घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता.

एकदा सभा उधळल्यावर व्हरांड्यात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "आई, चादर जरा वर करते. बघून घे पटकन."

"चोरून?" तिनं माझा हात धरला. "मास्तरांनी कदी चोरून पाणी पिलं न्हाय. मी त्येंचं तोंड चोरून बगू व्हय?"

मी हात मागे घेतला. राग मात्र आतल्या आत उकळत राहिला.

त्यात त्या चादरीनं घोळ घातला. पुतळा झाकायला एका विद्यार्थ्यानं स्वतःच्या मागावरची नवी कोरी चादर दिली होती, मोर काढलेली, हिरवीगार. सोलापुरात चादरीला काय तोटा. पण खेड्यापाड्यातून कामाला आलेल्या माणसानं सरकारी व्हरांड्यात चौथरा बघितला, त्यावर हिरवी चादर बघितली, आणि ओळखलं की हा पीर. आपल्याकडे पीर म्हटलं की सगळे डोकं टेकवतात, तिथं कोणी धर्म विचारत नाही. आधी एक उदबत्ती लागली, मग गुलाबाची फुलं आली. मग बदलीसाठी, पेन्शनसाठी, रस्त्यासाठी नवस सुरू झाले. दुधनीकडचा एक म्हातारा शेतकरी सरकारी विहिरीसाठी खेटे घालत होता. त्यानं आईलाच सांगितलं, "बाई, पाया पडा की. लई जागृत पीर हाय. माजी हिर मंजूर झाली."

माझ्या वडिलांनी जन्मभर कोणाला पायाला हात लावू दिला नव्हता. मी त्या म्हाताऱ्याला काहीतरी तिखट बोलणार होते, पण आईनं मला ओढत बाहेर नेलं. रिक्षात ती म्हणाली, "मास्तर न्हाईतच तितं. तितं नुसती चादर हाय." तिच्या आवाजाला इतका थकवा मी आधी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली. असंच चाललं तर वडील कायमचे पीर होऊन बसतील आणि आई त्यांना न बघताच जाईल.

शेवटी मंजुरी मिळाली ती उदबत्तीमुळे. चादरीचा एक कोपरा जळाला, कचेरीत धावपळ उडाली, व्हरांड्यातली गर्दी कशी हटवायची असा प्रश्न सभेत आला. तेव्हा तेच वकील उठले आणि म्हणाले, "उघडून टाका एकदाचं. काय आहे ते लोकांना दिसू दे." सगळे हात वर झाले. हक्क, समता, विहीर, यातलं अवाक्षर कोणाच्या तोंडून निघालं नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अनावरण साधंच झालं. आईनं चादर ओढली आणि बघत राहिली. जाड भुवया, किंचित वाकडं नाक, हट्टी हनुवटी. मूर्तिकारानं काही गुळगुळीत केलं नव्हतं. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला.

तेवढ्यात दुधनीचा म्हातारा गर्दीतून पुढे आला. विहिरीला पाणी लागलं म्हणून नवसाचा नारळ घेऊन आला होता. तो पुतळ्याकडे बघतच राहिला. मग आईजवळ येऊन हळूच विचारलं, "कुटल्यातले म्हणायचे ह्ये?"

"आमच्यातले," आई म्हणाली.

त्यानं आईकडे नीट बघितलं. मग पुन्हा पुतळ्याकडे, चांगला वेळ. नारळ पिशवीत परत घातला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी त्याच्या मागे जायला निघाले. काय बोलणार होते कोण जाणे, पण बोलले असते ते त्याच्या जन्मभर लक्षात राहिलं असतं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"जाऊ दे त्येला," ती म्हणाली. "आज वळकलं त्येनं मास्तरांना."